फक्त १५ तास!

मुंबई ते न्यूयॉर्क किती लांब? एक उत्तर तिकिटावर छापलेलं असतं, दुसरं घराच्या दारात बॅग टेकवल्यावर कळतं. या दोन उत्तरांमधला फरक एकदा मला फोनवर सांगावा लागला. तुम्ही ऑनसाइटला असाल, जाणार असाल किंवा तुमचं कुणी तिकडे असेल, तर हे वाचाच.

डोंबिवली ते सीएसएमटी अंतर किती? कुणालाही विचारून बघा. ‘४८ किलोमीटर’ असं उत्तर आलं तर समजा, हा प्राणी डोंबिवलीचा नाही! अस्सल डोंबिवलीकर म्हणणार, ‘फास्ट मिळाली तर तास-सव्वा तास. स्लो असेल तर नको विचारूस.’ आपण मुंबईकर (यात डोंबिवली, विरार, पनवेल सगळे आले, उगाच वाद नको) अंतर किलोमीटरमध्ये मोजतच नाही. घड्याळात मोजतो.

माझे बाबा तर याबाबतीत महागुरू. मध्य रेल्वेत तीसेक वर्षं गार्ड होते. त्यांच्या हिशेबात गाडीचा वेळ म्हणजे प्रवासाचा फक्त एक तुकडा. घर ते स्टेशन बारा मिनिटं, पूल चढून उतरायला चार, गाडीची वाट सात, पहिली गाडी गर्दीमुळे सोडावी लागली तर आणखी सहा... सगळं मिळून जो आकडा येतो तो खरा. ‘घर ते घर’ हा त्यांचा लाडका शब्द. कॉलेजात असताना मी मैत्रिणीला फोनवर ‘एका तासात पोचते गं’ असं सांगितलं की पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणायचे, ‘एक तास गाडीचा. घर ते घर किती?’

दादा आणि मी यावर जाम हसायचो.

‘किती रात्री लागतात?’

२०२२ च्या मे महिन्यात कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं. जर्सी सिटी, न्यू जर्सी. हडसन नदीच्या अलीकडे आमचं ऑफिस, पलीकडे मॅनहॅटनच्या त्या सिनेमातल्या उंच इमारती. घरात सॉलिड उत्साह. आईचं भाजणी आणि मेतकूट पॅक करणं सुरू, दादाचं विमानाची सीट निवडणं सुरू.

आजी तेव्हा ८८ वर्षांची. तिचं अंतराचं माप आणखी वेगळं. लहानपणी ती रत्नागिरीहून मुंबईला बोटीने आलेली, पुढे सगळं आयुष्य एसटीच्या रात्रीच्या गाडीने गावी जाऊन-येऊन. त्यामुळे तिच्या लेखी लांबचा प्रवास रात्रींमध्ये मोजायचा.

‘अमेरिकेला किती रात्री लागतात गं?’

‘एकच, आजी. फक्त १५ तास!’

कोपऱ्यातून आवाज आलाच. ‘घर ते घर?’

‘ओ बाबा, विमान आहे ते, बदलापूर लोकल नाही!’

थेट विमान होतं. रात्री दीडला मुंबई सोडली आणि त्याच सकाळी आठला तिकडे उतरले. आता हिशेब बघा. प्रवास साधारण १६ तासांचा, पण उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. म्हणजे घड्याळ बघून सांगायचं तर मी साडेसहा तासांत अमेरिकेला पोचले! कोकणकन्या एवढ्या वेळात मडगावलाही पोचत नाही.

झालं. तेव्हापासून ‘फक्त १५ तास’ ही माझी टॅगलाइनच झाली. आत्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आजीला सांगितलं. ती कॅमेऱ्यात कपाळ तेवढं दाखवत विचारायची, ‘आत्ता तुझ्याकडे किती वाजले?’ आणि मग, ‘जेवलीस का? लांब आहेस बाई.’ मी म्हणायचे, ‘लांब कसली? वाटलं की निघाले. फक्त १५ तास!’

खरं सांगू? त्या वाक्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक मी स्वतःच होते. रात्री फ्लॅटवर परतल्यावर एकटं वाटलं की ते मनात म्हणायचं. बरं वाटायचं.

दोऱ्याचं गणित

आणि तसं बघायला गेलं तर माझं चुकतही नव्हतं. निघायच्या आदल्या आठवड्यात बाबांनी माळ्यावरून माझा शाळेतला पृथ्वीगोल काढला होता. आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. ‘बघ तुझं विमान कुठून जाईल.’

मला वाटलं होतं, अरबस्तान, मग इजिप्त, भूमध्य समुद्र, अटलांटिक. भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं ना? पण दोरा डावीकडे जायच्या ऐवजी सरळ वर गेला! पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे-स्वीडनचा भाग, आइसलंडच्या जवळून ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा आणि मग खाली न्यूयॉर्क. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवाकडचा भाग उगाच ताणला जातो, त्यामुळे खरी जवळची वाट नकाशावर लांबची दिसते. दोऱ्याच्या वाटेने मुंबई ते न्यूयॉर्क अंतर भरतं सुमारे १२,५०० किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघेने गेलात तर तेच सुमारे १४,२०० होतं.

आणखी एक गंमत. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्क साधारण ७४ अंश पश्चिमेला. ग्रीनिचमधून बघितलं तर दोन्ही शहरं दोन हात पसरल्यासारखी, जवळजवळ सारख्याच अंतरावर.

मोठं जेट विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरने उडतं. १२,५०० भागिले ९००, म्हणजे १४ तास. मग जाताना १६ का लागतात? कारण वारा. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची जणू नदी वाहत असते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचा वेग तिला सहज असतो, हिवाळ्यात त्याहूनही जास्त. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून सोडून हे वारे मोजले. जगाने वाचावं म्हणून त्याने अहवाल एस्पेरांतो भाषेत लिहिला, आणि जगाने तो वाचलाच नाही! दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना हा वारा समोरून लागला, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं.

तर भारतातून अमेरिकेला जाताना हा वारा बराच वेळ समोरून येतो आणि परत येताना पाठीवर हात ठेवून ढकलतो. म्हणून येताना दीड-दोन तास वाचतात. २०२० च्या फेब्रुवारीत सियारा वादळाच्या वेळी तर या वाऱ्यावर स्वार होऊन एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

शिवाय दोरा कुणाच्याही देशावरून जातो, विमानाला परवानगी लागते. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने काही महिने आपलं आकाश बंद ठेवलं. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन कंपन्यांच्या विमानांना रशियावरून उडायला बंदी आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं आणि उत्तर भारतातून अमेरिकेला ये-जा करणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी थांबावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये कतारचं आकाश काही तास बंद झालं, तर निम्म्या जगाचं वेळापत्रक कोलमडलं. शहरं जागच्या जागी असतात, पण त्यांच्यातलं अंतर बातम्यांप्रमाणे कमी-जास्त होतं!

एवढं सगळं मला पाठ होतं. पार्टीत सांगायचे, लोक ‘वॉव’ म्हणायचे. आणि तरीही मला माझा आकडा माहीत नव्हता.

सोमवार, दुपारी १

२०२३ चा जानेवारी. सोमवार. दुपारी एकला मी डेस्कवर बसून डबा खात होते. दादाचा फोन. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा, म्हणजे डोंबिवलीत रात्रीचे साडेअकरा. इतक्या उशिरा दादा कधी फोन करत नाही. उचलायच्या आधीच पोटात गोळा आला.

‘आजी गेली गं.’

जेवून झोपली होती. आई पांघरूण नीट करायला गेली तेव्हा कळलं. डॉक्टर येऊन गेले. दादा एवढं बोलून थांबला आणि मग म्हणाला, ‘बाबा विचारतायत, तुझ्यासाठी थांबायचं का?’

‘थांबा,’ मी म्हणाले. ‘मी निघते. १५-१६ तासांत पोचते.’

विचार करून नव्हते बोलले. आठ महिने घोकलेलं वाक्य आपोआप तोंडातून आलं. दादाने तिकडे हिशेब केला. साडेअकरा अधिक सोळा, म्हणजे मंगळवारी दुपारी साडेतीन. थोडं मागेपुढे. त्याने सगळ्यांना संध्याकाळी पाचची वेळ कळवून टाकली. रत्नागिरीचे काका रात्रीच निघाले.

आणि मी तिकीट शोधायला बसले. त्या रात्रीच्या थेट विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या होती. लंडनमार्गे बघितलं, फ्रँकफर्टमार्गे बघितलं. कुठे मध्ये अकरा तास थांबायचं, कुठे दुसऱ्या देशाच्या ट्रान्झिट व्हिसाची भानगड. शेवटी सगळ्यात लवकर पोचवणारं सापडलं ते दुबईमार्गे. रात्री ११ ला जेएफके विमानतळावरून. मुंबईत उतरणार बुधवारी पहाटे ४ ला.

बुधवारी. मी तारीख तीनदा वाचली.

फोन लावला. या वेळी बाबांनी उचलला. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.

‘बाबा, बुधवारी पहाटे चारला लँडिंग आहे.’

‘म्हणजे घरी साडेसहा,’ ते म्हणाले. मिनिटभर काहीच बोलले नाहीत. मागून कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं. मग म्हणाले, ‘एकतीस तास.’

ते ‘मी म्हणत होतो’ असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांची आई शेजारच्या खोलीत होती, माणसं वाटेला लागली होती, दादाने पाचची वेळ दिलेली. त्यांना विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं, हे मला हडसनच्या काठावर बसून कळत होतं.

शेवटी मीच म्हणाले. ‘बाबा, थांबू नका.’

‘नक्की?’

‘नक्की.’

एकतीस तासांचा हिशेब

नंतर विमानात झोप लागेना, तेव्हा मी पेपर नॅपकिनवर बाबांच्या पद्धतीने हिशेब मांडला. पहिला फोन ते तिकीट हातात, २ तास. मॅनेजरला मेल, लॅपटॉप जमा, फ्लॅटवर जाऊन बॅग भरणं, पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद शोधणं, ३ तास. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये जर्सी सिटीहून मॅनहॅटन ओलांडून जेएफकेला, २ तास. विमानतळावर ३. दुबईपर्यंत साडेबारा. दुबईत ३. दुबई ते मुंबई ३. इमिग्रेशन आणि बॅग, १. पहाटेच्या रिकाम्या रस्त्याने डोंबिवली, दीड.

बेरीज ३१. त्यात प्रत्यक्ष आकाशात किती? साडेबारा अधिक तीन, साडेपंधरा.

बरोब्बर निम्मे! म्हणजे ‘१५ तास’ हे काही खोटं नव्हतं. निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं कुठल्याच तिकिटावर छापलेलं नसतं. ते रांगांचं असतं, ट्रॅफिकचं असतं, ‘सीट नाही’चं असतं, कनेक्शनसाठी चकाकत्या दुकानांमधून बधिरपणे फिरण्याचं असतं. आणि विमान कितीही वेगवान झालं तरी ते काही कमी होत नाही.

मंगळवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे न्यूयॉर्कच्या सकाळी साडेसहाला, समोरच्या स्क्रीनवरचं ते छोटं पांढरं विमान युरोपच्या वर कुठेतरी होतं. सीटमधल्या बाईंनी खिडकीचा पडदा वर केला. बाहेर लख्ख ऊन. मी डोळे मिटून घेतले. डोंबिवलीत काय चाललं असेल ते मला मिनिटामिनिटाने माहीत होतं. मी मात्र जिथे फोन लागत नाही अशा जागी, साडेसात तास पूर्ण आणि साडेतेवीस... नाही, घरापर्यंत अजून साडेतेरा तास बाकी. हिशेबही चुकत होता.

बुधवारी सकाळी रिक्षा-टॅक्सीचे आवाज सुरू व्हायच्या आत घरी पोचले. दार बाबांनीच उघडलं. डोळे सुजलेले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, ‘सहा पस्तीस. पाच मिनिटं लेट आहेस.’ आणि मग आम्ही दोघंही रडलो.

कल्याणची मुलगी

त्याच सकाळी बाबा, दादा आणि मी अस्थी आणायला गेलो. तेवढं मला मिळालं. परतताना गाडीत मांडीवर तो कलश होता आणि मला अचानक पोकीप्सी आठवलं.

ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या ग्रुपबरोबर मी तिथे गेले होते. न्यूयॉर्कहून हडसनच्या काठाकाठाने ट्रेनने दोनेक तास. बाकीचे लाल-पिवळ्या पानांचे फोटो काढायला, मी एक दफनभूमी बघायला. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी तिथे आहेत. आनंदीबाई कल्याणच्या. म्हणजे आमच्यापासून दोन स्टेशनं: डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण!

१८८३ च्या एप्रिलमध्ये १८ वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. जवळपास दोन महिने. आजीच्या भाषेत साठेक रात्री. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आईच्या मायेने ठेवून घेतलं, त्या राहायच्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावात. माझ्या फ्लॅटपासून पाऊण तासाच्या अंतरावर. १८८६ मध्ये आनंदीबाई पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या, मायदेशी परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवल्या गेल्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या जागेत पोकीप्सीला ठेवल्या.

तेव्हा ‘थांबायचं का’ हा प्रश्नच नव्हता. दोन महिन्यांच्या अंतरावरच्या माणसासाठी कोण थांबणार? बातमीचं पत्रसुद्धा बोटीनेच जायचं. पुढे अंतर आखडत गेलं. १९४८ च्या जूनमध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. २००६-०७ मध्ये मुंबई-न्यूयॉर्क थेट विमानं सुरू झाली.

आणि इथेच आपली पिढी अडकलीय. दोन महिने असते तर कुणी विचारलं नसतं. दोन तास असते तरी विचारावं लागलं नसतं. ३१ तास हा मधलाच आकडा आहे. थांबता येईल इतका जवळ आणि थांबवणाऱ्यांचा जीव टांगणीला लागेल इतका लांब. म्हणून प्रश्न विचारला जातो आणि त्याचं उत्तर आपल्याला द्यावं लागतं. मी ‘१६’ म्हणाले म्हणून सगळे पाचपर्यंत थांबले होते. मी पहिल्याच फोनवर ‘३१’ म्हणाले असते, तर आजीला सकाळीच शांतपणे निरोप देता आला असता आणि बाबांना ती रात्र माझ्या फोनची वाट बघत काढावी लागली नसती. मी तरीही पोचले नसते. पण त्यांना ताटकळत ठेवलं नसतं.

२०२४ मध्ये मी परत आले. आता ऑफिस लोअर परळला. घर ते घर एक तास पन्नास मिनिटं, मोजलेले आहेत! टीममधलं कुणी ऑनसाइटला निघालं की केक कापला जातो आणि कुणीतरी म्हणतंच, ‘काय यार, फक्त १५ तास तर लागतात.’ मी केकचा तुकडा तोंडात टाकते आणि विचारते, ‘घर ते घर?’

सगळे हसतात. हसू देत.

बाबांची एक जुनी डायरी आहे. त्यात ठाणे, परळ, दादरची आत्या, रत्नागिरीचं घर, सगळ्यांची ‘घर ते घर’ वेळ लिहिलेली आहे. परवा काहीतरी शोधताना ती हाती लागली. शेवटच्या पानावर, रत्नागिरीच्या खाली, त्यांच्या अक्षरात एक ओळ होती: जर्सी सिटी, ३१ तास. शेजारी तारीख होती मे २०२२ ची. मी निघाले त्या आठवड्याची.

ओळ खोडून परत लिहिलेली दिसत होती. आधी ३० लिहिलं होतं.

चौकट: तुमचा खरा आकडा काढा

● तिकिटावरचा वेळ हा अर्धाच धरा. फोन आल्यापासून दारात पोचेपर्यंतचे सगळे तुकडे एकदा कागदावर मांडा आणि बेरीज करा. थेट विमानाचा आणि एक थांबा असलेला, असे दोन्ही आकडे काढा.

● पासपोर्टची मुदत आणि व्हिसाचा शिक्का आजच बघा. शिक्का संपला असेल तर भारतात येता येईल, पण परत जाण्याआधी कॉन्सुलेटची तारीख घ्यावी लागेल. मुलं तिकडच्या नागरिकत्वाची असतील तर त्यांचं ओसीआय कार्ड किंवा व्हिसा तयार ठेवा.

● आयत्या वेळचं तिकीट महाग असतं. तेवढी रक्कम वेगळी ठेवा आणि कार्डाचं लिमिट तपासून घ्या. रात्री अपरात्री बँकेशी हुज्जत घालायची वेळ येऊ देऊ नका.

● घाईच्या प्रवासात फक्त केबिन बॅग. पट्ट्यावर बॅगेची वाट बघण्यातला अर्धा तास वाचतो.

● घड्याळ लक्षात ठेवा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, एरवी साडेदहा.

● आणि सगळ्यात महत्त्वाचं: हा आकडा घरच्यांना आत्ताच सांगा, सगळे हसतखेळत असताना. तशी वेळ आली तर थांबायचं की नाही, हेही बोलून ठेवा. बोलायला अवघड आहे, मान्य. पण रात्री दीड वाजता फोनवर बोलण्यापेक्षा सोपं आहे.